शेजारच्या सेलमधला ‘बालाबुश्का’: जुना हाती घडवलेला पूल क्यू घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात: मी न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. शेजारच्या घरातलं सामान विकायला काढलंय, त्यात दोन तुकड्यांचा जुना पूल क्यू (बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळाची काठी) आहे. पुढच्या भागावर चार लांब टोकदार पॉइंट आणि त्यांना रंगीत कडा, दोन तुकडे जोडणारा स्टीलचा जॉइंट, टोकाच्या टिपखाली पांढरी फेरूल (छोटी नळी), मुठीवर दोऱ्याचा रॅप (गुंडाळी). नाव कुठेच नाही. विकणारा म्हणतो ‘बालाबुश्का’ (या गाजलेल्या कारागिराने बनवलेला) आहे आणि २,५०० डॉलर मागतोय. खरा कसा ओळखायचा? घेतला तर नवं पॉलिश करून घ्यावं का? आणि पुढेमागे पुण्याला नेता येईल का?

उत्तर:

खऱ्या-खोट्याच्या आधी ती पांढरी फेरूल कशाची आहे ते पाहा. हस्तिदंताची असेल, तर न्यू जर्सीत हा व्यवहारच बेकायदा आहे. तिथल्या २०१४ च्या कायद्याने हस्तिदंत विकणं आणि विकत घेणं, दोन्ही बंद केलं. वारशाने मिळाला तर चालतो, पैसे मोजून घेतला तर नाही. विकणारे बहुधा २०१६ च्या केंद्रीय नियमाचा हवाला देतात. त्यात २०० ग्रॅमपेक्षा कमी दंत असलेल्या जुन्या वस्तूंना काही अटींवर राज्याबाहेर विकायची सूट आहे. पण राज्याचा कायदा त्याहून कडक असेल, तिथे ही सूट तुम्हाला वाचवत नाही.

ओळखायला दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग पुरतं. दंताच्या लांबीच्या बाजूने बारीक, किंचित लहरणाऱ्या, एकमेकींना समांतर रेषा दिसतात. आडव्या छेदावर त्या एकमेकींना छेदून जाळी करतात, मात्र फेरूलचा तो छेद टिपखाली झाकलेला असतो. टिप निघालेली असेल तर नशीब समजा. हाडाच्या फेरूलवर काळपट बारीक ठिपके आणि चिरा दिसतात, दंतावर त्या नसतात. प्लास्टिक सगळीकडून सारखंच दिसतं. तापलेली सुई टोचून पाहायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने खऱ्या वस्तूवर कायमचा डाग पडतो, आणि फेरूल किंवा कडी जुन्या सेल्युलॉइडची निघाली तर ती पेट घेते. फेरूलवरच थांबू नका. जॉइंटची कॉलर, बट स्लीव्हवरचे (बट म्हणजे मागचा जाड तुकडा, स्लीव्ह म्हणजे त्याचा मुठीमागचा भाग) पांढरे चौकोन आणि तळाची टोपी हेही तपासा. तळाची टोपी बहुतेक वेळा डेलरिन या प्लास्टिकची निघते: एकसारखी पांढरी, हाताला थोडी मेणचट, कसलीही रेषा नाही. डेलरिन १९६० च्या सुमारास बाजारात आलं, त्यामुळे १९४० चा म्हणून दाखवलेल्या क्यूवर ते दिसलं तर ती टोपी तरी नंतरची.

आता नावाकडे. जॉर्ज बालाबुश्का १९१२ साली रशियात जन्मला, १९२४ साली घरच्यांबरोबर न्यूयॉर्कला आला. पेशाने सुतार. १९५९ मध्ये ब्रुकलिनमध्ये क्यू बनवायला लागला आणि १९७५ साली वारला. सोळा वर्षांत त्याने हजार-बाराशे क्यू केले असावेत, असा सर्वसाधारण अंदाज आहे. यातली कळीची गोष्ट अशी की पॉइंटवाले पुढचे भाग, ज्यांना धंद्यात ‘ब्लँक’ म्हणतात, तो सहसा दुसऱ्यांकडून घ्यायचा. सुरुवातीला ब्रन्सविक कंपनीचे ‘टायटलिस्ट’, १९६६ च्या आसपास शिकागोच्या बर्टन स्पेनचे, आणि १९७० नंतर पेनसिल्व्हेनियाच्या गस सझांबोटीचे.

म्हणजे ज्या पॉइंटांवरून लोक क्यू ‘ओळखतात’, ते त्याने केलेलेच नाहीत. टायटलिस्ट हा क्लबांच्या भिंतीवर टांगलेला एक-तुकडी क्यू होता आणि तो मुबलक होता. कुठल्याही कसबी माणसाने तो मधोमध कापावा, जॉइंट बसवावा, मागे नवी स्लीव्ह चढवावी, की दोन-तुकडी क्यू तयार. असं काम तेव्हा अनेकांनी केलं, आजही होतं. त्यामुळे लाकूड साठ-सत्तर वर्षांचं आहे, व्हीनिअर (पॉइंटांच्या रंगीत कडांच्या पातळ पट्ट्या) जुनी आहेत, पॉइंट हुबेहूब आहेत, या सगळ्यांवरून एवढंच कळतं की ब्लँक जुना आहे. क्यू कोणी बनवला ते कारागिराने स्वतःच्या हाताने केलेल्या भागांत शोधायचं: जॉइंट, कड्या, बट स्लीव्ह, रॅपची खाच, आणि शाफ्टचा, म्हणजे पुढच्या बारीक तुकड्याचा, उतार.

म्हणून क्यू हातात घेतल्यावर पॉइंटांकडे बघायचा मोह आवरा आणि दोन्ही तुकडे वेगळे करून जॉइंट पाहा. पिनचा व्यास कॅलिपरने मोजा आणि एका इंचात किती आटे आहेत ते मोजा. पट्टी लावून भिंगातून मोजले तरी चालतं. ५/१६-१४, म्हणजे इंचाचे पाच-षोडशांश (सुमारे ७.९ मिमी) जाड आणि इंचाला १४ आटे, ही त्या काळच्या स्टील जॉइंटची नेहमीची पिन. बटच्या स्टील कॉलरमध्ये खोलगट जागा असते आणि शाफ्टमधला पितळी भाग त्यात घट्ट बसतो. रेडियल किंवा युनि-लॉक जातीची पिन दिसली तर ती १९७० च्या दशकातली नाही, ते जॉइंट बऱ्याच नंतरचे. पिन बदलली म्हणून क्यू लगेच खोटा ठरत नाही, पण नंतर कुणाचा तरी हात लागलाय हे पक्कं, आणि किंमत त्या हिशेबाने उतरते.

मग शाफ्ट. शाफ्टच्या जॉइंटजवळच्या कड्या आणि बटवरच्या कड्या यांचे रंग, रुंदी, क्रम आणि पिवळेपणा जुळायला हवा. दोनदा पाहा, कारण हरवलेल्या शाफ्टच्या जागी नवा करून देणारे कड्या छान जुळवतात, पण म्हातारपणाचा पिवळेपणा त्यांना जमत नाही. जुन्या शाफ्टचं टोक मुळात १३ मिमीच्या आसपास असायचं. आज ते १२.२ भरलं तर कुणीतरी वर्षानुवर्षं सँडपेपर मारलाय. उलट साठ वर्षं खेळलेल्या म्हणून दाखवलेल्या क्यूचा शाफ्ट कोरा करकरीत १३.० भरत असेल, तर तो मूळचा आहे का, हे विचारा. दोन मूळ शाफ्ट असले तर संग्राहकाच्या दृष्टीने ती मोठी जमेची बाजू.

आता पॉइंट, पण वेगळ्या कारणासाठी. ते खरे सांधलेले आहेत की नुसती चित्रं? स्वस्तातल्या क्यूवर छापील फिल्म चिकटवलेली असते. भिंगाखाली छपाईचे ठिपके किंवा फिल्मची कड दिसते. खऱ्या सांध्याचे दोन प्रकार. पूर्ण सांध्यात बटचं गडद लाकूडच चार जिभा काढून मेपलमध्ये घुसतं, त्यामुळे पॉइंटचं आणि रॅपखालून पुढे येणारं लाकूड एकच. टायटलिस्ट असा. अर्ध्या सांध्यात मेपलमध्ये व्ही आकाराच्या खाचा पाडून त्यात त्रिकोणी पट्ट्या चिकटवतात, आणि मूठ हा वेगळाच तुकडा असतो. दोन्हींत पॉइंटचं टोक सुईसारखं अणकुचीदार येतं, आणि व्हीनिअरच्या पट्ट्या टोकाशी नीट कोन साधून मिळतात. टोक किंचित गोल दिसलं तर ते मशीनने कोरलेलं जडावकाम आहे, कारण फिरत्या कटरला स्वतःच्या त्रिज्येहून टोकदार कोपरा काढता येत नाही. संगणकावर चालणारी अशी मशीनं क्यूच्या धंद्यात प्रामुख्याने १९८० च्या दशकाअखेरीपासून आली.

पॉइंटांची उंची मोजा. जॉइंटच्या कडेपासून चारही टोकांचं अंतर कागदावर लिहा. हाती केलेल्या कामात दोन-तीन मिमीचा फरक नेहमीचाच. पण समोरासमोरच्या दोन पॉइंटांत एक सेंटिमीटरचा फरक आला, एक लांब आणि पलीकडचा आखूड, तर भूमितीने विचार करा. पॉइंट म्हणजे तिरप्या खाचेचा पृष्ठभागावर दिसणारा भाग. खाच साधारण दहा इंचांत पाऊण सेंटिमीटर खोल जाते, म्हणजे उतार तीन टक्क्यांच्या आसपास. पृष्ठभागावरून ०.१ मिमी लाकूड घासलं की पॉइंट तीनेक मिमीने आखूड होतो. वाकलेला फोरआर्म (बटचा मुठीपुढचा भाग) लेथवर चढवून ‘सरळ’ केला की एका बाजूने जास्त लाकूड जातं आणि त्या बाजूचे पॉइंट खाली सरकतात. क्यू आता सरळ लोळेल, पण वाकलेला होता हे पॉइंट सांगतात. नवं चकचकीत पॉलिश, असमान पॉइंट आणि कड्यांपेक्षा किंचित खाली दबलेलं लाकूड, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर क्यू लेथवरून जाऊन आलाय.

सरळपणा पाहायची पद्धत अशी. आधी जोडलेला क्यू टेबलावर लोळवा, मग बट आणि शाफ्ट वेगवेगळे. शाफ्ट लोळवताना टेबल आणि शाफ्टमधल्या फटीतून येणारा उजेड पाहा. फट वाढत-कमी होत राहिली तर शाफ्ट वाकलाय. फट कायम सारखी राहून एकाच जागी असेल तर तो बहुधा शाफ्टचा नैसर्गिक उतार. दोन वाकलेले तुकडे विशिष्ट कोनात जोडले की एकमेकांचा वाक झाकतात, म्हणून फक्त जोडून दाखवणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नका. शाफ्ट वाकला तर नवा करता येतो, बट वाकला तर त्याला इलाज नाही.

त्यानंतर कान लावा. बट उभा धरून इंचभर उंचीवरून लाकडी फरशीवर हळूच आपटा. आवाज बसका आणि एकसंध आला पाहिजे. झणझण ऐकू आली तर तीन शक्यता: तळाच्या बंपरखाली वजनासाठी बसवलेला बोल्ट सैल आहे, एखादी कडी सुटली आहे, किंवा फोरआर्म आणि मूठ यांचा रॅपजवळचा जोड सुटलाय. पहिली गोष्ट पाच मिनिटांत स्क्रूड्रायव्हरने निघते. तिसरी निघाली तर रॅप काढून, जोड उघडून पुन्हा चिकटवावा लागतो. तो खर्च किमतीतून वजा करून बोला.

पॉलिशसाठी साधी अतिनील बॅटरी न्या. खोली अंधारी करा आणि पूर्ण क्यूवरून प्रकाश फिरवा. कुठल्या रंगाची चमक म्हणजे काय, यावर वाद घालत बसू नका. चमक सगळीकडे सारखी आहे का, ते पाहा. फोरआर्म हिरवट-पिवळा आणि बट स्लीव्ह निळसर दुधी दिसली, तर दोन्हींवर एकाच दिवशी पॉलिश झालेलं नाही. नाव खोडून काढलेला किंवा नव्याने टाकलेला भागही असाच उघडा पडतो.

एवढं सगळं पाहून झाल्यावर तुमच्या वर्णनाबद्दल माझा कल सांगतो. न्यू जर्सीतल्या घरातून बिननावाचा, चार पॉइंट आणि दोऱ्याच्या रॅपचा जुना क्यू निघतो, तेव्हा बालाबुश्काच्या आधी दोन शक्यता मनात याव्यात. एक, कुणा स्थानिक कारागिराने कापून जोडलेला टायटलिस्ट. दुसरी, पामर. युजीन बाल्नरने १९६४ मध्ये सुरू केलेली ही कंपनी एलिझाबेथमध्येच होती, तुमच्यापासून अर्ध्या तासावर. त्यांचे क्यू कॅटलॉगमधून विकले जायचे, त्यामुळे नमुना जुळवून पाहता येतो. बऱ्याच पामरांच्या तळाच्या भागात पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असते आणि तिच्याखाली नाव. खिडकी धुरकट झाली की नाव दिसत नाही आणि क्यू ‘बिननावाचा’ म्हणून विकला जातो. टॉर्च तिरपा धरून पाहा. चांगल्या स्थितीतला जुना पामर हा संग्रहाची सुरुवात करायला उत्तम क्यू आहे. त्यात बालाबुश्काइतकी जोखीम नाही.

नाव लिहिलेलं असलं म्हणजे काम झालं, असंही नाही. जपानच्या अ‍ॅडम कंपनीने परवान्याने बालाबुश्काच्या नावाचे क्यू काढले. ते प्रामाणिक कारखानी क्यू आहेत, फसवणूक नाही. पण पुढे दुसऱ्या-तिसऱ्या हातात जाताना ‘अ‍ॅडम’ हा शब्द गळून पडतो. १९८६ साली हॉलिवूडच्या एका गाजलेल्या चित्रपटात बालाबुश्का म्हणून दिसलेला क्यूही प्रत्यक्षात जॉस कंपनीचा होता. त्या चित्रपटाने हे नाव घराघरांत पोचवलं, आणि तेव्हापासून माळ्यावर सापडलेला प्रत्येक क्यू बालाबुश्का होऊ लागला.

खऱ्या बालाबुश्काची किंमत पाच आकडी डॉलरांत जाते. म्हणून २,५०० हा आकडाच विचित्र आहे: खऱ्यासाठी फार कमी, अनोळखी कारागिराच्या टायटलिस्टसाठी फार जास्त. विकणाऱ्याला स्वतःलाच खात्री नाही एवढंच तो आकडा सांगतो. कागद मागा. जुनी पावती, त्या काळचा क्यूसह फोटो, किंवा या कारागिराचे बरेच क्यू हाताळलेल्या दुरुस्ती कारागिराने क्यू प्रत्यक्ष पाहून दिलेलं लेखी मत. ‘आमचे वडील सांगायचे’ हा पुरावा नाही. कागद नसेल तर बिननावाच्या चांगल्या क्यूची किंमत द्या, आणि तो पुढे बालाबुश्का ठरला तर आनंद माना.

पॉलिशबद्दल: घाई करू नका. पियानो किंवा जुन्या फर्निचरच्या मानाने क्यूच्या जगात पुन्हा पॉलिश करणं तितकं निषिद्ध नाही, कारण क्यू खेळायची वस्तू आहे आणि मूळ कारागीर स्वतःच जुने क्यू पुन्हा पॉलिश करून द्यायचे. मूळ कारागिराने किंवा त्याच्या कार्यशाळेने केलेलं काम संग्राहक मान्य करतात. पण दुसऱ्या कुणाकडून करून घेताना वर सांगितलेला ०.१ मिमीचा हिशेब लक्षात ठेवा. आणि कारागीर कोण हे ठरायच्या आत क्यू लेथवर गेला, तर ओळखीच्या खुणा लाकडाच्या भुशाबरोबर झाडून टाकल्या जातात. रॅपची गोष्ट निराळी. दोरा झिजतो, घामाने काळा पडतो, तो बदलणं रास्त. आयरिश लिननच वापरायला सांगा, आणि जुन्या रॅपचा वीतभर तुकडा पाकिटात घालून, त्यावर तारीख लिहून क्यूबरोबर ठेवा. पुढचा घेणारा तुम्हाला दुवा देईल.

साफसफाई कोरड्या, मऊ सुती कापडाने. शाफ्टवरचा खडूचा निळा थर फारच असेल तर कापडाला किंचित अल्कोहोल लावून फक्त शाफ्ट पुसा. बटकडे ते कापड जाऊ देऊ नका. अल्कोहोलने शेलॅक विरघळतं आणि जुनं लॅकर मऊ पडतं. पाणी नको, मेपलचे तंतू उभे राहतात. सँडपेपर तर घरातच ठेवू नका.

ठेवण्याचा प्रश्न तुमच्या बाबतीत दुहेरी आहे. न्यू जर्सीत हिवाळ्यात हीटर चालू असताना घरातली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर उतरते आणि लाकडातला ओलावा पाच टक्क्यांपर्यंत येतो. लाकूड आकसतं, प्लास्टिकच्या कड्या आकसत नाहीत, आणि बोट फिरवल्यावर कडी वर आल्यासारखी लागते. ४० ते ५० टक्के आर्द्रता राहील अशा आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. दोन्ही तुकडे सुटे करून, आडवे सपाट किंवा वरून टांगून. भिंतीला तिरपा टेकवलेला क्यू वाकतो. गाडीच्या डिकीत एक दुपारही नको.

पुण्याचं म्हणाल तर दंताचा एक कणही असेल तो क्यू भारतात आणायचा विचार सोडून द्या. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी आधी देशी, मग आयात केलेल्या हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि ‘ही फक्त फेरूल आहे हो’ या बचावाला कस्टम्समध्ये कोणी विचारत नाही. फेरूल बदलून घेता येते. बदलणार असाल तर ते अमेरिकेतच उरका. दुसरी अडचण लाकडाची. ब्राझिली रोझवुड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे, आणि २०१७ पासून त्याच्या डालबर्जिया प्रजातीतली बाकीची झाडं, आपल्या शिसवीसकट, त्याखालच्या यादीत गेली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. क्यू हे वाद्य नाही, पण एका पाठवणीत दहा किलोपर्यंत असं लाकूड असलेल्या तयार वस्तूंनाही तेव्हाच सूट मिळाली. ब्राझिली रोझवुडला मात्र ती लागू नाही. पॉइंटचं लाकूड जांभळट-तपकिरी आणि तेलकट दिसत असेल तर आधी जात नक्की करा. ब्राझिली असेल तर परवाना हातात पडेपर्यंत क्यू एडिसनलाच राहू द्या.

आणि अडथळे पार करून तो पुण्यात पोचलाच, तर पहिला पावसाळा जपा. ८५ टक्के आर्द्रतेत त्याच लाकडातला ओलावा सतरा टक्क्यांच्या आसपास चढतो, म्हणजे एडिसनच्या जानेवारीच्या तिपटीहून जास्त. हवाबंद ट्यूब केस, आत छोटा हायग्रोमीटर आणि सिलिका जेलची पुडी. पुडी ओव्हनमध्ये कोरडी ठाक करून घालू नका, नाहीतर ती लाकडाचा ओलावा भराभर शोषेल. केसमधला काटा पन्नासच्या वर गेला की घालायची, चाळीसला आला की काढायची. जॉइंटवर प्लास्टिकचे आटेवाले बूच लावून ठेवा. ओलावा सगळ्यात आधी तिथल्या उघड्या लाकडातून शिरतो, आणि जूनच्या शेवटी शाफ्ट बसेनासा झाला तर कारण तेच असतं. अशा वेळी जोर लावून फिरवू नका. दोन्ही तुकडे केसमध्ये आठवडाभर तसेच राहू द्या, मग पुन्हा लावून पाहा.